देवीच्या नावावर

नवरात्राच्या आधीचे पंधरा दिवस आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. सोफ्यावर घागरे, पलंगावर घागरे, फ्रिजवर ओढण्यांची चळत, आणि लादीवर सांडलेले बारीक आरसे, जे नेमके माझ्याच तळव्यात शिरतात. आई वर्षभर ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल लावते, पण तिचा खरा मोसम हा. आमच्या इंद्रलोक वस्तीतल्या कितीतरी गुजराती बायका तिच्या हातच्या चनिया-चोळीत गरबा खेळतात. बाहेर ऑक्टोबरचा उकाडा, आत नव्या कापडाच्या खळीचा आणि मशीनच्या तेलाचा वास, आणि संध्याकाळी वारा फिरला की मिठागरांकडून येणारा तो ओला खारा वास, जो भाईंदरच्या माणसाला आता वास म्हणून जाणवतही नाही. खाली कंपाउंडमध्ये बांबू येऊन पडतात आणि कोणीतरी दिवसभर माइकवर ‘हॅलो, हॅलो, चेक’ करत बसतो.

हे दिवस आले की लोकांचे पाय थिरकतात म्हणे. मला भूक लागते. जेवून उठले असले तरी लागते. ढोलाचा पहिला ठोका पडला की पोटात खड्डा पडतो आणि भुकेच्या मागोमाग लाज येते. आठ वर्षं झाली, दोघी एकमेकींचा हात सोडत नाहीत.

त्या वर्षी मी एकवीसची होते आणि मला जहाजावर नाचायचं होतं. सिंगापूरहून सुटणारं मोठं जहाज, रोज संध्याकाळी त्याच्या थिएटरात हिंदी गाण्यांचा शो, नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट. तोवर मी गणपतीत नाचले होते, लग्नाच्या संगीतात नवऱ्याच्या काकांना स्टेप शिकवल्या होत्या, वरसाव्याच्या एका हॉटेलात कुणाच्या तरी पन्नासाव्या वाढदिवसाला नाचले होते. जहाज म्हणजे या सगळ्यातून सुटका. ऑडिशन अंधेरीच्या एका स्टुडिओत होती. बाबा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, त्यामुळे सोबतीला आई आली, डबा घेऊन. आमच्याकडे मुलीला परक्या जागी एकटी पाठवत नाहीत, आणि उपाशी तर मुळीच पाठवत नाहीत.

नाच त्यांना आवडला. मग टेप निघाली. छाती, कंबर, नितंब, मांडी, दंड. मला टेपचं काय कौतुक, मी शिवणाऱ्या बाईची मुलगी. पण आईची टेप फक्त माप घेते, ही टेप मत देत होती. नाच बसवणाऱ्या मॅडमनी सगळं समजावून सांगितलं, तेही गोड आवाजात. जहाजावरचे कपडे आधीच शिवलेले असतात. जी मुलगी कॉन्ट्रॅक्ट संपवून उतरते, तिचेच कपडे पुढच्या मुलीला. मणी जडवलेले भारी कपडे ते, उसवून सैल करत नाहीत. माझ्या आधीच्या मुलीची कंबर सव्वीस होती, माझी अठ्ठावीस. कपडा बदलायचा नसल्यामुळे मुलीने बदलायचं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा माप, तोवर दोन इंच आणि चार किलो.

आईला हे सांगितलं तेव्हा तिला हसूच आलं. “शिवणीत थोडं जास्तीचं कापड सोडायला काय झालं होतं?” ती म्हणाली. “कोण शिवतं यांचं?” तिच्या धंद्यात बाईचं अंग कसंही असो, कापडाने जुळवून घ्यायचं असतं. बाळंतीण आली तर हसत टाके उसवून द्यायचे. चूक कपड्याची, बाईची कधीच नाही, हे तिने मला कधी शिकवलं नाही, पण मी ते रोज बघत होते. तरी त्या दिवशी मी तिला म्हटलं, “तुला नाही कळायचं यातलं.”

निघताना जे झालं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आई दारात वाकून चपला घालत होती. वाकताना तिला त्रास होतो, भिंतीला हात लावून, दम घेऊन घालते. मॅडम शेजारच्या माणसाला इंग्रजीत म्हणाल्या, मुलगी घ्यायच्या आधी तिच्या आईला बघून घ्यावं, दहा वर्षांनी काय हातात येणार ते आताच कळतं. तो माणूस हसला. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, आणि मीही हसले. कुणी बंदूक रोखली नव्हती, कुणी हस म्हणालं नव्हतं. आईने मान वर केली. “काय म्हणाल्या गं?”

“म्हणाल्या, आई सोबत आली हे बरं केलंत.”

आई खूश झाली. रिक्षात तिने डब्यातल्या पोळीची गुंडाळी माझ्या तोंडाशी धरली आणि मी तिचा हात बाजूला केला.

आमच्या घरात ‘नको’ म्हणणं सोपं नाही. भूक नाही म्हटलं तर पोट बिघडलंय का, पोट बरं आहे म्हटलं तर कोणी काही बोललं का. डाएट म्हटलं असतं तर आईने दोन दिवस ऐकून घेतलं असतं आणि तिसऱ्या दिवशी भातावर तूप सोडलं असतं. भरलं ताट परत करायला आमच्याकडे एकच कारण चालतं, आणि त्यावर कुणी उलट विचारत नाही. घट बसायच्या आदल्या दिवशी मी आईला सांगितलं, “यंदा मी नऊ दिवस धरतेय. कडक. फराळाचं पण नको. पाणी, आणि संध्याकाळी एक केळं.”

आई स्वतः उठता-बसता उपास धरायची, म्हणजे पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी. आमच्या रत्नागिरीकडच्या घरात तेवढीच पद्धत. तिने मशीन थांबवलं. “देवीला काही बोललीस का?” मी मान डोलावली. पुढे तिने विचारलं नाही, कारण नवस काय केला ते विचारायचं नसतं. मला ते पक्कं माहीत होतं, म्हणून तर ही वाट इतकी सोयीची वाटली.

ते नऊ दिवस मला अजून नाकाने आठवतात. समोरच्या जिग्नाबेनच्या घरातून येणारा भाजलेल्या दाण्यांचा वास. देवघरात दुरडीतली ओली माती, तिच्यातून वर आलेले धान्याचे फिके कोंब, झेंडूच्या माळा. रोज घटावर एक माळ चढायची, आणि मी रोज बाथरूममध्ये आईच्या टेपने कंबर बघायचे. ओठ सुकून सालपटं निघत होती. जिना चढताना कठडा धरायला लागायचा. संध्याकाळी मात्र खाली गरब्यात उतरायचे, कारण घाम आला म्हणजे काम झालं. डोळ्यांपुढे काजवे यायचे ते मी लायटिंगमध्ये मिसळून टाकायचे.

जिग्नाबेन सगळ्यांना सांगायची, “देखो, कुछ खाती नहीं, फिर भी कैसा नाचती है. माताजी का हाथ है इसके ऊपर.” तिचं ऐकून एक दिवस तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी आपल्या सुनेला घेऊन आल्या. तिला दिवस राहत नव्हते. मी तिच्या डोक्यावर हात ठेवावा अशी त्यांची इच्छा होती. सून माझ्याहून पाच वर्षांनी मोठी असेल. ती खाली मान घालून माझ्यासमोर बसली, आणि मी, जिच्या डोक्यात त्या क्षणी फक्त सव्वीसचा आकडा होता, तिच्या डोक्यावर हात ठेवला. आई कौतुकाने बघत होती.

खरं सांगायचं तर त्या नऊ दिवसांत मला देवी एकदाही आठवली नाही. भूक असह्य झाली की मी आईकडे बघायचे. मशीनचं चाक फिरवताना तिच्या दंडाचं मांस हलायचं. घागऱ्याचा घेर पसरायला ती लादीवर बसली की पोट मांडीवर यायचं. मी ते बघायचे आणि संध्याकाळचं केळंसुद्धा परत ठेवायचे. लहानपणी मी त्याच दंडावर डोकं ठेवून झोपायचे, आई तशीच काज-बटणं करत बसायची. तेच अंग मला आता उपाशी राहायला बळ देत होतं. लोक देवीच्या मूर्तीकडे बघून उपास निभावतात, मी आईकडे बघून निभावला, आणि का ते लिहितानाही मान वर होत नाही.

सातव्या माळेला आई घटासमोर उभी होती. मी मागे दारात आहे हे तिला माहीत नव्हतं. ती हळू आवाजात देवीशी बोलत होती, घरातल्या मोठ्या बाईशी बोलावं तशी. “माझ्या पोरीचं काम होऊ दे. झालं तर मी जिवंत आहे तोवर दर वर्षी नऊच्या नऊ दिवस धरीन. तिच्यासारखेच, कडक.” तेव्हा मी बोलायला हवं होतं. आई, थांब, मी खोटं बोलले, एवढंच. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले.

कंबर साडेसव्वीस भरली. मॅडम म्हणाल्या, चालेल, श्वास रोखून हुक लागेल.

जहाजावर दर सोमवारी वजन असायचं. समुद्रात काटा एका जागी राहत नाही, म्हणून आम्ही जहाज बंदराला लागायची वाट बघायचो. कोणी कानातलं काढून ठेवायचं, कोणी केसांच्या पिना. थोडं वाढलं की तोंडी समज, आणखी वाढलं की मागची रांग, त्यापुढे परतीचं तिकीट. वरच्या डेकवर प्रवाशांसाठी सकाळपासून जेवण मांडलेलं असायचं आणि आम्हाला तिथेच, केकच्या टेबलाशेजारी, हसत उभं राहून शोची पत्रकं वाटायला लागायची. माझ्या खोलीत दिल्लीची मुलगी होती. ती बिछान्यात पडून पाणीपुरीचे व्हिडिओ बघायची, आवाज बंद करून. तिसऱ्या कॉन्ट्रॅक्टला मी टीमची कॅप्टन झाले आणि टेप माझ्या हातात आली. नव्या मुलींची मापं मी पटापट घ्यायचे. हात आईने तयार केलेला होता. एका मुलीला मी मॅडमसारख्याच गोड आवाजात मागच्या रांगेत पाठवलं, आणि ती हसली. ते हसू मी ओळखलं, तरी मापाच्या वहीत पुढचं नाव बघितलं.

आणि दर नवरात्रात घरून फोन यायचा. “आज पाचवी माळ. धरलंय हं तुझ्यासाठी. काही त्रास नाही, हलकं वाटतं उलट.” मी डेकवर उभी राहून “हो आई” म्हणायचे. एवढ्या लांबून काय सांगणार, घरी गेले की सांगू, असं म्हणायचे. घरी आले की वाटायचं, आता नवरात्र कुठे आहे, वेळ आली की सांगू. चार कॉन्ट्रॅक्ट असेच गेले. मग लॉकडाऊन लागला, जहाजं बंदरात उभी राहिली आणि मी जेवायला लागले. वर्षभराने जहाजं पुन्हा निघाली तेव्हा मला कुणी बोलावलं नाही. आता सोसायटीच्या हॉलमध्ये मी बायकांना गरबा आणि व्यायाम शिकवते. पहिल्याच दिवशी सांगते की इथे कुणाचं वजन होणार नाही. बायका टाळ्या वाजवतात. मला त्या टाळ्या अंगावर घेववत नाहीत.

आईला तीन वर्षांपूर्वी साखर निघाली. आधी गोळ्या, यंदा उन्हाळ्यापासून इन्सुलिनची सुई. खालच्या डॉक्टरांनी माझ्यासमोर बजावलं की आता उपास बंद. आईने तिथे मान डोलावली आणि जिन्यात मला म्हणाली, “डॉक्टरला काय जातं सांगायला. बोललेलं आहे देवीला, मागे घेता येत नाही.” घट बसले तसं तिने नेहमीप्रमाणे धरलं. मी रागावले, डॉक्टरांचं भय घातलं, अबोला धरला. एवढं सगळं केलं, जे सांगितल्याने ती जेवली असती तेवढं सोडून.

घट बसायच्या आदल्या आठवड्यात सिद्धी घरी आली होती. काशीगावची, वीस वर्षांची, माझ्या क्लासमधली सगळ्यात चांगली नाचणारी. तिला जहाजाचं बोलावणं आलं होतं. “ताई, तीन किलो सांगितलंय कमी करायला. घरी काय न्हाय बोलले मी अजून. तुम्ही कसं केलं होतं?” मी तोंड उघडायच्या आत मशीनवरून आई म्हणाली, “नवरात्र धर. हिने धरलं होतं, पाण्यावर. देवीने उचलून बोटीवर नेऊन ठेवलं हिला.” सिद्धीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “पाणी पी आधी, उन्हातून आलीस.” पहिल्या माळेला तिचा मेसेज आला. ताई, मी पण धरलंय, आणि पुढे जोडलेले हात.

चौथ्या माळेच्या दुपारी मशीनचा आवाज मध्येच थांबला. मी बाहेर आले तर आई डाव्या हाताकडे बघत नुसती बसली होती. तर्जनीच्या नखातून सुई आरपार गेली होती. चाळीस वर्षं मशीन चालवणाऱ्या बाईचा हात थरथरत होता, कपाळावर गार घाम होता. जिग्नाबेन धावत आली, तिने पेचकसाने स्क्रू सैल करून सुई मशीनपासून सोडवली. मी पाण्यात साखर घालून पेला तिच्या तोंडाशी नेला. आईने तोंड फिरवलं.

“साखर कुठे घेतली होतीस तू तेव्हा?” ती म्हणाली. शब्द जड येत होते. “तुझ्यासारखंच धरीन बोललेय मी.”

“आई, मी देवीसाठी धरलंच नव्हतं. कंबरेसाठी धरलं होतं. खोटं बोलले मी. पी आता.”

जिग्नाबेन पेचकस हातात धरून उभी राहिली. आई माझ्याकडे बघत पेला प्यायली, सगळा.

डॉक्टरांकडे सुई काढून, पट्टी बांधून, बोलणी खाऊन आम्ही वर आलो. आई पलंगावर घागरे सारून बसली. मग म्हणाली, “असू दे. वय होतं तुझं. नाव तर देवीचंच घेतलंस ना.”

इथे थांबले असते तर सुटले असते. तिने दार उघडून दिलं होतं. पण तिचा तो समजुतीचा आवाज ऐकून मला स्वतःची किळस आली, आणि मी उरलेलं सांगितलं. अंधेरीचा स्टुडिओ, दारातल्या चपला, मॅडमचं वाक्य जसंच्या तसं, मराठीत. आणि नऊ दिवस मी कुणाकडे बघून उपाशी राहिले तेही.

“इंग्रजीत म्हणाली होती ती?” आईने विचारलं.

“हो.”

“आणि तू काय म्हणालीस?”

“हसले.”

आईने गाऊनची बाही खाली ओढली, दंड झाकेल अशी, मग दुसरी. माझ्यासमोर, स्वतःच्या घरात. आठ वर्षांत मी जेवढी लाज साठवली होती ती सगळी त्या दोन बाह्यांपुढे काहीच नव्हती. मला तिचा हात धरायचा होता, पण कुठे धरू ते कळेना.

थोड्या वेळाने ती म्हणाली, “त्या काशीगावच्या पोरीला फोन लाव आधी.”

सिद्धीने लगेच उचलला. “ताई, दीड किलो उतरलं,” ती आनंदाने म्हणाली. मी म्हटलं, संध्याकाळी घरी ये, मला तुला माझ्याबद्दल काहीतरी सांगायचंय, आणि खाऊन ये. “खाऊन कसं, ताई,” ती म्हणाली, “उपास हाय ना.” मी म्हटलं, मग इथे येऊन खा.

फोन ठेवला तेव्हा आई उठून स्वयंपाकघराच्या दाराशी आली होती. “भात आहे का सकाळचा?”

“आहे. पण तू बोललेलीस ना देवीला.”

“तिचं आणि माझं मी बघून घेईन. तू वाढ.”

भात, आमटी, वालाची भाजी. नवरात्राच्या चौथ्या दिवशी ती जेवायला बसली, आठ वर्षांत पहिल्यांदा. पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून सावकाश जेवत होती. मग म्हणाली, “तू पण बस.” मी माझं ताट घेतलं, भात वाढून घेतला, आणि खाली बसायच्या आधी त्यातला अर्धा डावाने परत पातेल्यात टाकला. मी रोज असंच करते. जहाज सुटून इतकी वर्षं झाली, लठ्ठ झाले, तरी करते. मला ते दिसतही नाही.

आईला दिसलं. घास हातात धरून ती पातेल्याकडे बघत राहिली.

“हे आता कुणासाठी?” तिने विचारलं. आवाजात राग नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.